दर्भातली अंबाबाई

आमच्या घरात रागीट कोण असं विचारलंत तर सगळे माझ्याकडं बोट दाखवतील. दाखवू देत. माझा राग निदान वेळच्या वेळी निघतो. माझे वडील, अप्पा, राग गिळतात आणि मग महिनाभर त्याच रागाचे ढेकर देत बसतात. अप्पांचं नाव सीतारामराव. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांचा जीव दोनच गोष्टींत: पंचांग आणि दर्भ.

दर्भ म्हणजे श्राद्धाला लागतं ते गवत. तंजावरातल्या आम्हा मराठी लोकांच्या घरामागं पूर्वी कोल्लै असे, तुमच्याकडं परसू म्हणतात ती, आणि तिथं विहिरीजवळ दर्भाचा एक तुकडा राखलेला असे. मग ती नवी वर्षं आली, दिल्लीला कुणीतरी बाजाराची दारं उघडली म्हणे, आणि इथं आमच्या रस्त्यावर सिमेंट आलं. शेजारच्या नटराजनं सगळी कोल्लै बुजवून एस.टी.डी. आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. त्याच्या पलीकडच्यांनी केबलची छत्री उभी केली. आख्ख्या रस्त्यात दर्भ उरला तो आमच्याकडं, आणि तोही अप्पांच्या हट्टामुळं.

त्या दर्भात माझा किडा राहत होता.

मी विशालाक्षी. इथल्या मुलींच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लग्न केलेलं नाही, आणि का नाही हे विचारलंत तर मी त्यावर वेगळी चिडते. तर माझा किडा. तो सिकाडा. रातकिडा नव्हे, बरं का. रातकिडा रात्री पंख घासत बसतो. हा भर उन्हात पोटाच्या बाजूचं कातडं वाजवतो. मोठे सिकाडे तुम्ही ऐकले असतील, चिंचेवर नाहीतर आंब्यावर बसून दुपार कापत असतात. माझा सिकाडा त्यांच्यातला नव्हे. करंगळीच्या पेराएवढाही नाही, अंगानं गवताच्याच रंगाचा, आणि झाडावर कधी चढतच नाही. त्याची पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीत दर्भाची मुळं चोखत राहतात, वैशाखात वर येतात, दर्भाच्या पातीवर बसून थोडे दिवस ओरडतात आणि मरतात. मी तिरुवैयारूपर्यंत कालव्यांचे बांध पालथे घातले, नारळीच्या बागा पाहिल्या. कुठं ऐकू आला नाही. फक्त आमच्या विहिरीजवळ.

ही नवी जात आहे असं मी म्हणत होते. म्हणत होते एवढंच, कारण पटायचं कुणाला? जवळ हात नेला की हा गप्प होतो आणि खाली गवतात सुटतो. मोठ्या मुश्किलीनं एक सापडला, तो मी पुण्याला डॉक्टर खांबेट्यांकडं पाठवला. सिकाड्यांतला त्यांचा शब्द शेवटचा. टपालात त्याचा चुरा झाला. चुरा पाहून डॉक्टरांनी कळवलं की ही नेहमीचीच जात, खायला कमी मिळाल्यानं खुरटलेली. खुरटलेली. मी आठवडाभर कॉलेजात कुणाशी धड बोलले नाही.

मग मी त्यांना इतकं छळलं की शेवटी ते यायला कबूल झाले. मद्रासला त्यांची परिषद होती. तिथून रात्रीच्या गाडीनं तंजावर, दुपारच्या गाडीनं परत. महिन्याभरात ते निवृत्त होणार होते, म्हणजे पुन्हा येणं नाही. जिवंत नर गाताना ऐकायचा, पकडायचा, बाटलीत घालून पुण्याला न्यायचा. तो मिळाला तर माझं खरं, नाहीतर माझा किडा जन्मभर खुरटलेला.

डॉक्टरांनी तारीख दिली, मी होकार दिला. आदल्या दिवशी संध्याकाळी अम्मा, माझी आई वेंकूबाई, तांदूळ निवडताना म्हणाली, "विशा, उद्या तुझ्या आजीचं श्राद्ध. वाध्यार जेवून गेल्याखेरीज तुझ्या त्या पाहुण्यानं घरात पाणीसुद्धा घ्यायचं नाही, सांगून ठेव त्याला."

वाध्यार म्हणजे आमचे भटजी. श्राद्ध तिथीनं येतं आणि गाडी तारखेनं. माझ्या ते ध्यानात यायला हवं होतं असं अम्मा म्हणाली. मी म्हटलं, मी शास्त्र शिकवते, पंचांग अप्पा पाहतात, मग अप्पांनी का नाही सांगितलं? असं बोलून मी तावातावानं झोपायला गेले. म्हणून पुढचं विचारायचं राहिलं.

सकाळी उठून कोल्लैत गेले तर विहिरीजवळ दर्भ नव्हता. म्हणजे होता, पण अप्पांच्या काखेत होता. ओला पंचा नेसून, हातात विळा घेऊन अप्पा उभे, आणि मागं नुकतीच हजामत केलेल्या डोक्यासारखी जमीन.

"अप्पा, काय केलंत हे?"

"साठवणीचा दर्भ वाळवीनं खाल्ला गे," अप्पा म्हणाले. "श्रावणातल्या अवसेला कापला की वर्षभर चालतो. आज कापलेला आजच्यापुरता. म्हणून कापला."

"सगळा? श्राद्धाला लागतो मूठभर. सगळा कशाला?"

"वाध्यारांसही हवा होता. त्यांचाही वाळवीनं खाल्ला."

त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. नटराजच्या दुकानात फोन करायला आलेली माणसं फोन ठेवून ऐकत होती. एरवी अप्पांनी मला असं बोलू दिलं नसतं. पण श्राद्ध करणाऱ्यानं त्या दिवशी रागवायचं नसतं आणि डोळ्यांतून पाणीही काढायचं नसतं, नाहीतर पितरांचं अन्न भलतेच खाऊन जातात. अप्पा दात आवळून गोड हसत उभे राहिले.

"विशा, आज मज रागावतां येत नाही," ते म्हणाले. "उद्या बोलूं."

तेवढ्यात डॉक्टर खांबेटे रिक्षातून उतरले. उंच, हडकुळे, खांद्यावर जपानी टेपरेकॉर्डर, गळ्यात भिंग. आल्याआल्या त्यांना आमची मराठी फार गोड वाटली. पुण्याच्या माणसाला आमची मराठी गोड वाटली की समजावं, त्याला ती अर्धीच कळली. मी त्यांना कोल्लैत नेलं.

"आणि अधिवास कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी खुंटांकडं बोट दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"विशालाक्षीबाई, मी मद्रासहून रात्रभर बसून आलो."

"मुळांशी पिल्लं आहेत," मी म्हटलं. "पुढच्या वैशाखात..."

"पुढच्या वैशाखात मी घरी नातवंडं सांभाळत असेन."

मग ते तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांना भूक लागली होती, आणि आतून काजूच्या खिरीचा नि तुपात तळलेल्या वड्यांचा वास येत होता. घरातलं द्यायची सोय नाही. मी नटराजकडून नव्यानं आलेलं ते काळं विलायती सरबत आणून दिलं. ते पिऊन डॉक्टर ढेकर देत माझ्याकडं असे पाहत राहिले, जसं काही किडा मी मनानंच रचला होता. खरं सांगते, तेव्हा मला रडू येत होतं. इतकी वर्षं एक गोष्ट मी एकटी ऐकत होते, आणि जो एक माणूस ती ऐकू शकला असता तो माझ्या ओट्यावर बसून घड्याळ पाहत होता.

आत श्राद्ध सुरू झालं. पूर्वी पानावर बसायला ब्राह्मण मिळत. आता कुणी बंगळूरला कॉम्प्युटरवर, कुणी अमेरिकेत. मग त्यांच्या जागी दर्भाचा बटू करून पाटावर बसवायचा, म्हणजे दर्भाची एक जुडी, वर गाठ मारलेली, आणि मंत्र म्हणून त्यात पितरांना बोलवायचं. आमचे वाध्यार व्यंकटरमण. म्हातारे, पोटानं मोठे आणि भुकेला कच्चे. त्यांनी नव्या दर्भाचा बटू बांधला, पाटावर ठेवला, समोर केळीचं पान मांडलं, आणि अप्पांकडून आजीला बोलावून घेतलं.

माझी आजी अंबाबाई हिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तिचा आवाज. ती स्वैपाकघरातून हाक मारी ती पेठेच्या टोकाला ऐकू जाई. आधी तुटक तुटक, मग एकदम चढलेली लांबलचक, आणि शेवटी खटकन तुटणारी. अम्मा सून म्हणून आल्यापासून ती हाक ऐकत होती. मला तिरुचीला पुढं शिकायला पाठवायचं नाही असं अप्पांनी ठरवलं होतं, तेव्हा आजी रस्त्यात उभी राहून त्यांना असं ओरडली की अप्पांनी घरात येण्याआधीच होकार दिला. माझी डिग्री ही आजीच्या घशाची कमाई.

तर पाटावर बटू, आणि वाध्यारांनी म्हटलं, "सीतारामराव, आपली आई आली असें भावावें."

आणि दर्भातून आवाज आला. ट्रिक, ट्रिक, ट्रिक. मग एकदम चढलेला, लांब, घर भरून टाकणारा, आणि शेवटी खटकन तुटलेला.

"आले, आले," स्वैपाकघरातून अम्मा म्हणाली, आणि हातातली पळी टाकून, डोक्यावर पदर घेत धावत आली. दारात येऊन तिला आठवलं की सासू जाऊन बरीच वर्षं झाली. ती तिथंच भिंतीला टेकली.

अप्पांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून त्यांनी मान वर करून छताकडं पाहायला सुरुवात केली.

"आई आली," ते छताला म्हणाले.

मी उंबऱ्यापर्यंत पळाले. पुढं जायची सोय नव्हती, मी सोवळ्यात नव्हते. "अप्पा, हलवू नका कुणी. तो माझा किडा आहे. कापलेल्या दर्भाबरोबर आत आलाय."

"ती माझी आई आहे," अप्पा शांतपणे म्हणाले.

डॉक्टर माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांच्या अंगात एकदम जीव आला होता. "अहो, सिकाड्यात फक्त नर गातो," ते म्हणाले. "गातोय म्हणजे नर आहे. तुमच्या आई कशा असतील?"

"तुम्ही माझ्या आईस ऐकलें नव्हतें," अप्पा म्हणाले.

वाध्यारांनी पानावरच्या वड्यांकडं पाहिलं आणि निवाडा दिला. विसर्जनाचा मंत्र होईपर्यंत त्या दर्भात पितर आहेत, तोवर हात लावायचा नाही. मंत्र झाला की पितर गेले, दर्भ नुसतं गवत, मग ज्याला जे न्यायचं ते न्यावं. मला तो निवाडा पटला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांनाही पटला. पण त्यांना किडा निदान जवळून पाहायचा होता.

"मग आंघोळ करून या," अम्मा म्हणाली.

पुण्याचे डॉक्टर खांबेटे आमच्या विहिरीवर, त्या बोडक्या जमिनीशेजारी उभे राहून डोक्यावरून पाणी ओतून घेत होते हे मी डोळ्यांनी पाहिलं. अप्पांची जुनी वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, नेसून, ओल्या केसांनी, हातात भिंग धरून ते आत गेले आणि पाटासमोर गुडघ्यांवर वाकले. नटराज कुंपणावरून पाहत होता, त्यानं घरात जाऊन सांगितलं की मराठी लोकांचा कुणी मोठा गुरू आलाय. डॉक्टर बराच वेळ वाकून राहिले. पंखांवरच्या शिरा पाहिल्या, डोकं पाहिलं, एकदा श्वास रोखला. मग तिथूनच, मान न वळवता म्हणाले, "विशालाक्षीबाई, माझं चुकलं. हा खुरटलेला नाही. हा असा कुठंच नाही."

मला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की मी काहीतरी झणझणीत बोलेन. मी नुसतं बरं म्हटलं.

"पण नमुना हवा," डॉक्टर म्हणाले. "नमुना नाही तर जात नाही. माझ्या शब्दाला कोण विचारतो?"

विसर्जन झालं. पितरांनो, जा आपल्या घरी, असं वाध्यारांनी म्हटलं, अप्पांनी हात जोडले. मी तोवर न्हाऊन, ओलं लुगडं नेसून बाटली घेऊन उभी होते. पुढं झाले, आणि किडा पुन्हा ओरडला. आधीपेक्षा मोठ्यानं.

अप्पांनी माझ्या आणि पाटाच्या मध्ये हात घातला.

"वाध्यार म्हणाले ना, गेली म्हणून," मी म्हटलं.

"तीस जा म्हटल्यावर ती कधी गेली होती?" अप्पा म्हणाले. वाध्यारांनी मान डोलावली. ते आजीला ओळखत होते.

"काय करशील तिचें?" अप्पांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण मला ते जमत नाही. "बाटलीत औषध आहे. त्यात मरेल. मग टाचणीवर."

अप्पांनी हात काढला नाही. बाहेर ऊन तापलं होतं, डॉक्टरांच्या गाडीची वेळ जवळ येत होती, आणि माझा राग शेवटी जिथं जायचा तिथंच गेला.

"बसवून ठेवा मग पाटावर," मी म्हटलं. "ती परवा मरेल. तसाच किडा तो. आणि पुढच्या वर्षी बोलवाल, त्याच्या पुढच्या वर्षी बोलवाल. नंतर? तुम्हाला मुलगा नाही. मला वाध्यार या पाटासमोर बसू देणार नाहीत. तुमच्यामागं आजीला हाक मारणारं कोण आहे?"

बोलले आणि लगेच वाटलं, जीभ तोडून टाकावी. अम्मानं तोंडावर पदर घेतला. अप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ही गोष्ट ते मनात किती वर्षं घोळवत होते ते मला तेव्हा दिसलं.

डॉक्टर खांबेट्यांना घरातल्या भांडणातलं काही कळलं नव्हतं. त्यांना फक्त शेवटचं वाक्य कळलं, आणि ते त्यांनी प्रश्न म्हणून घेतलं.

"हाक मारणारे पुष्कळ आहेत की," ते म्हणाले. "हा पहिला नमुना. पहिला नमुना आम्ही कधी टाकत नाही. आमच्या संग्रहालयात इंग्रजांच्या काळातले किडे आहेत, अजून जसेच्या तसे. जपानातून, फ्रान्सातून माणसं येतात, खण उघडून बघतात. जगात कुठंही कुणाला असा किडा सापडला, तर त्याला आधी हिच्याकडं यावं लागेल. हिचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाताच येत नाही."

अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. "कोणतें नांव?"

"ते या ठरवतील. जात यांची आहे."

"अंबा," मी म्हटलं. विचार करायला लागलाच नाही.

"नराला बाईचं नाव चालतं," डॉक्टर म्हणाले. "लॅटिनमध्ये फक्त शेपूट बदलायचं."

"आणि तें नांव किती वर्षें घेतील?" अप्पांनी विचारलं.

"इमारत उभी आहे तोवर. इमारत पडली तर दुसऱ्या इमारतीत नेऊन."

अप्पा पाटासमोर बसले. गाठ सोडली. एकेक पात बाजूला करत गेले, आणि शेवटच्या पातीवर तो बसला होता, हिरवा, एवढासा. अप्पांनी बोट पुढं केलं. आजवर माझ्या हाताला सहजासहजी कधी न आलेला तो किडा निमूटपणे त्यांच्या बोटावर चढला. त्यांनी दुसऱ्या हातानं तिळाचं पाणी सोडलं, दान देताना सोडतात तसं, आणि किडा माझ्या ओंजळीत ठेवला. माझ्या हातात आल्याबरोबर तो ओरडायला लागला.

मी त्याला बाटलीत घातलं. रडले, ते लपवलं नाही. श्राद्ध संपलं होतं, आता रडायला हरकत नव्हती. अप्पाही रडले.

जेवायला बसेपर्यंत डॉक्टरांची गाडी निघून गेली होती आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. वाध्यार जेवून, उरलेला दर्भ घेऊन गेले. अम्मानं डॉक्टरांना वड्यांचा आग्रह चालवला होता, आणि डॉक्टर खिरीची वाटी खाली ठेवत नव्हते. अप्पा मात्र भात नुसता चिवडत होते.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "एका गवतांत एकच जात राहते काय?"

"असं काही नाही. नीट पाहिलं तर आणखी एखादी निघू शकते. का?"

"कांहीं नाही." अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पानाकडंच पाहत राहिले. "लहान असली तरी चालेल. फार न ओरडणारी."

डॉक्टर हसले, न ओरडणारा सिकाडा सापडणं फार अवघड म्हणाले, आणि पुन्हा खिरीकडं वळले. अम्मानं अप्पांच्या पानावर आणखी एक वडा वाढला.

"तुमच्या नावाची शोधते मी, अप्पा," मी म्हटलं. "पण यापुढं गवत अर्धंच कापायचं."